पडदा काळा का होतो?
(लिनक्सच्या नवशिक्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरची ओळख)

गेल्या सत्राच्या अखेरीस तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला होता. "सर, घरचा कॉम्प्युटर गेला. प्रोजेक्ट त्यातच आहे, आणि सोमवारी द्यायचाय."

हकीकत अशी होती. संगणक थोरल्या भावाचा, बरीच वर्षे वापरलेला. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चढेना, म्हणून भावंडांनी त्यावर लिनक्स मिंट घातले. दोन-तीन आठवडे सुरळीत गेले. पुढे चित्रफीत जरा अडखळते असे वाटले, तेव्हा कोणाचेसे मार्गदर्शन पाहून ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून बसवला. तोही चालला. मग एके सकाळी अद्ययावत आज्ञावल्या बसवून यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पडद्यावर काळोख! वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ, बाकी काही नाही.

दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले की कार्ड जळाले आहे, नवे घ्यावे लागेल. एका मित्राने सल्ला दिला, सगळे पुसून पुन्हा लिनक्स घाल. पहिला उपाय केला असता तर घरचे काही हजार रुपये गेले असते. दुसरा केला असता तर चार महिन्यांचे काम गेले असते. आणि वस्तुस्थिती पाहता दोन्ही उपायांची गरज नव्हती.

आपल्या महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आता थोडी नाही. त्यांतील पुष्कळांना केव्हा ना केव्हा हा काळा पडदा दिसतो. तो दिसल्यावर घाबरून न जाता विचार कसा करावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संगणकशास्त्राच्या बाहेरच्या वाचकांनाही तो समजावा अशी खटपट केली आहे. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरे वापरावीत.

ड्रायव्हर म्हणजे काय?

आपल्या सीमाभागात दुभाष्याचे काम काय असते हे वेगळे सांगायला नको. बाजारात एकाला फक्त मराठी येते, दुसऱ्याला फक्त कन्नड. मध्ये दोन्ही जाणणारा एकजण उभा राहिला की व्यवहार होतो. त्याने एखादा शब्द चुकीचा पोचवला, तर माल चांगला असून आणि गिऱ्हाईक प्रामाणिक असूनही भांडण होते. संगणकातील ड्रायव्हर हा असा दुभाषी आहे. एका बाजूला लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड. कार्डाची भाषा त्याच्या उत्पादकाने ठरवलेली असते. दर काही वर्षांनी नवी पिढी येते आणि भाषाही थोडीबहुत बदलते.

आता एवढ्यावर भागले असते तर प्रश्न सोपा होता. पण पडद्यावर एक चित्र उमटण्यासाठी एकामागून एक अशी चार कामे व्हावी लागतात.

पहिले काम कर्नलमधील ड्रायव्हरचे. कार्ड ओळखणे, त्याची स्मृती ताब्यात घेणे, पडद्याची रुंदी-उंची ठरवणे हे तो करतो. दुसरे काम फर्मवेअरचे. ही कार्डाच्या स्वतःच्या अंतर्भागात चालणारी एक छोटी आज्ञावली असते, आणि बहुतेक आधुनिक कार्डांमध्ये ती यंत्र सुरू होताना ड्रायव्हरने कार्डात भरावी लागते. तिसरे काम रेखाटनाच्या आज्ञासंचाचे. लिनक्समध्ये हे काम बहुधा ‘मेसा’ नावाची आज्ञावली करते. ब्रायन पॉल यांनी ती १९९३ साली सुरू केली. चौथे काम पडद्याच्या व्यवस्थापकाचे. निरनिराळ्या खिडक्या कोठे दिसाव्यात हे तो पाहतो. पूर्वापार चालत आलेला व्यवस्थापक म्हणजे ‘एक्स’. त्याचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला, आणि आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९८७ ची आहे. त्याची जागा आता हळूहळू ‘वेलँड’ घेत आहे. ते काम २००८ साली सुरू झाले.

या चारांपैकी कोणताही एक दुवा निखळला, तरी बघणाऱ्याला दिसते ते एकच, काळा पडदा. वैद्याकडे ताप घेऊन गेलेल्या रोग्यासारखी ही स्थिती आहे. ताप हे लक्षण झाले. रोग कोणता, हे पुढे शोधावे लागते.

लिनक्समध्येच ही पीडा अधिक का?

विंडोज वापरणाऱ्याला ड्रायव्हरचा विचार फारसा करावा लागत नाही, कारण कार्ड बनवणारी प्रत्येक कंपनी आपला ड्रायव्हर स्वतः लिहून विंडोजसाठी पुरवते. लिनक्सची घडण निराळी आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स याने आपण एक परिचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. छंद म्हणून आरंभलेले हे काम पुढे जगभरातील हजारो लेखकांचे झाले. या प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांना उघडी आहे. पण कार्डाचा उत्पादक जर आपल्या कार्डाची भाषाच कोणाला सांगणार नसेल, तर इतरांनी दुभाष्याचे काम करायचे कसे?

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीची सुरुवातच अशा एका अडचणीतून झाली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर छपाईयंत्र आला. आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती की कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसा निरोप जावा. नव्या यंत्रात ती सोय घालावी म्हटले, तर त्याची मूळ आज्ञावली मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याने गुप्ततेचे वचन दिले असल्यामुळे नकार दिला. हा प्रसंग आपल्या मनाला लागला असे स्टॉलमन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. कागद अडकणे ही बाब क्षुल्लक खरी. पण आपल्या हातातले यंत्र आपल्याला सुधारता येऊ नये, हा त्यातला सल होता.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हाच सल पुढे अनेक वर्षे राहिला. आजच्या बाजारात मुख्यतः तीन उत्पादकांची कार्डे दिसतात, आणि तिघांची वागणूक तीन तऱ्हेची आहे.

इंटेलने आपले ड्रायव्हर खुलेपणाने लिनक्समध्ये घातले. एएमडीने एटीआय ही कंपनी २००६ साली घेतली आणि २००७ पासून कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिचा ‘एएमडीजीपीयू’ हा खुला ड्रायव्हर २०१५ साली कर्नलच्या ४.२ या आवृत्तीत आला. एन्व्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर तयार स्वरूपात दिला, पण त्याचे अंतरंग बंद ठेवले. तेव्हा काही स्वयंस्फूर्त मंडळींनी कार्ड कसे वागते याचे बाहेरून निरीक्षण करून त्याची भाषा हुडकून काढली आणि ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर लिहिला. २०१० साली तो कर्नलमध्ये समाविष्ट झाला. कोश नाही, व्याकरण नाही, केवळ ऐकून ऐकून एक भाषा शिकावी, तशातला हा उद्योग! २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना टॉर्वाल्ड्स यांनी एन्व्हिडियाविषयीचा आपला राग अत्यंत असभ्य शब्दांत व्यक्त केला होता. पुढे मे २०२२ मध्ये एन्व्हिडियाने आपल्या नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. रेखाटनाचा मोठा भाग अद्याप बंदच आहे.

हा इतिहास नवशिक्याला कशासाठी? तर त्यातून एक व्यावहारिक नियम निघतो म्हणून. इंटेल किंवा एएमडीचे कार्ड असेल, तर ड्रायव्हर कर्नलबरोबरच आलेला असतो. तो शोधून, उतरवून बसवण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. कार्ड अगदी नवे असेल तर मात्र नवा कर्नल आणि नवे मेसा लागतात. एन्व्हिडियाचे कार्ड असेल, तर ‘नूव्हो’ की कंपनीचा ड्रायव्हर, ही निवड करावी लागते. कंपनीचा ड्रायव्हर घ्यायचा ठरल्यास तो आपल्या लिनक्स-वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा. असे का, ते पुढे येईलच.

निदान : काय दिसते, कोठपर्यंत दिसते?

आता मुख्य विषयाकडे वळू. यंत्र सुरू केल्यावर पडदा नेमका कोणत्या क्षणी काळा होतो, हे आधी पाहावे. हे निरीक्षण फुकट आहे आणि पुष्कळ काही सांगते.

बटण दाबल्यापासून काहीच दिसले नाही, उत्पादकाचे बोधचिन्हसुद्धा नाही, तर लिनक्सला दोष देऊ नये. कारण त्या क्षणी लिनक्स सुरूच झालेले नसते. तेव्हा तार, पडदा, वीज आणि कार्डाची बैठक तपासावी. टेबलावरच्या यंत्राला वेगळे कार्ड लावलेले असेल, तर पडद्याची तार त्या कार्डालाच जोडली आहे ना हेही बघावे. मुख्य फलकाच्या जोडणीत तार खुपसून तासन्‌तास डोके खाजवत बसलेले लोक आहेत.

उलट बोधचिन्ह दिसले आणि पाठोपाठ ‘ग्रब’ची यादीही दिसली, तर पडदा व तार शाबूत आहेत आणि कार्ड निदान साधे चित्र काढते आहे, असे समजावे. ‘ग्रब’ ही प्रणाली निवडण्याची यादी होय. ती आपोआप दिसत नसेल तर यंत्र सुरू होताना, त्याच्या जातीप्रमाणे, ‘शिफ्ट’ किंवा ‘एस्केप’ ही कळ दाबावी. यादी दिसून नंतर काळोख झाला, तर संशय ड्रायव्हरवर घ्यायला हरकत नाही.

पुढची पायरी : काळ्या पडद्यावर ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ आणि ‘एफ३’ या तीन कळा एकदम दाबून पाहाव्यात. पुष्कळदा अक्षरी पडदा उघडतो आणि नाव-संकेतशब्द विचारतो. तो उघडला, तर यंत्र जिवंत आहे, फायली सुरक्षित आहेत, आणि फक्त चित्रांचे खाते बंद पडले आहे, हे कळते. मनाला धीर येण्यासाठी एवढे पुरेसे असते.

अक्षरी पडदाही उघडला नाही, तर ‘ग्रब’च्या यादीतील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ ही ओळ निवडावी. तेथे कर्नलच्या जुन्या आवृत्त्या दिसतात. नवा कर्नल बसवताना बहुतेक वितरणे आधीचा काही काळ जपून ठेवतात. आधीचा कर्नल निवडून यंत्र नीट सुरू झाले, तर दोन गोष्टी सिद्ध होतात : कार्ड धडधाकट आहे, आणि बिघाड नव्या कर्नलाच्या व ड्रायव्हरच्या संबंधात आहे.

जुन्या कर्नलनेही काम झाले नाही, तर तिसरा मार्ग आहे. ‘ग्रब’च्या यादीत पहिल्या ओळीवर उभे राहून ‘ई’ ही कळ दाबावी. काही ओळी दिसतात. त्यांतील ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द (नो, मोड आणि सेट हे तीन इंग्रजी शब्द सलग जोडून) लिहावा आणि ‘एफ१०’ दाबावे. याचा अर्थ असा की, ‘बाबा रे, कार्डाचा खास ड्रायव्हर तूर्त वापरू नकोस, साधे चित्र चालेल.’ पडदा ओबडधोबड दिसतो, कामही संथ चालते, पण आत जाता येते. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून करून बघण्यात धोका नाही. मात्र ही कुबडी आहे हे विसरू नये. कायम तशीच वापरली, तर पाय बरा होत नाही.

निदान : कार्डाला कोण सांभाळते?

आत प्रवेश मिळाल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आपल्या महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती त्यानंतर. ही शिस्त पाळली की पुढच्या चुका महागात पडत नाहीत.

मग टर्मिनल उघडून ‘एल-एस-पी-सी-आय’ ही पाच अक्षरे सलग टंकावीत, एक जागा सोडावी, आणि आडवी रेघ व ‘के’ हे अक्षर लिहावे. यंत्रात जोडलेल्या घटकांची यादी येते. त्यात ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ असा उल्लेख असलेली ओळ शोधावी. ते आपले कार्ड. त्याच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का आणि तीत कोणाचे नाव आहे, ते पाहावे. इंटेलसाठी बहुधा ‘आय९१५’, एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू’ किंवा जुने असल्यास ‘रेडिऑन’, एन्व्हिडियासाठी ‘नूव्हो’ किंवा ‘एन्व्हिडिया’ असे नाव येते. ही ओळच नसेल, तर कार्डाला सध्या कोणी वाली नाही असे समजावे. (‘नोमोडसेट’ लिहून आत आलो असू, तर ओळ नसणे स्वाभाविक आहे, हे ध्यानात ठेवावे.)

दुसरे साधन म्हणजे प्रणालीची रोजनिशी. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेनंतर एक जागा सोडून आडवी रेघ व ‘बी’, आणि पुन्हा एक जागा सोडून आडवी रेघ व ‘१’ (हा आकडा इंग्रजी) असे लिहिले, की मागच्या खेपेस यंत्र सुरू झाले तेव्हाची सगळी नोंद मिळते. नोंद लांबलचक असते. तिच्यात कार्डाच्या ड्रायव्हरचे नाव, ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ हे शब्द शोधावेत. सगळे समजलेच पाहिजे असे नाही; नेमकी ओळ हाती लागली की निम्मे काम होते.

तिसरी तपासणी पडदा दिसतो पण सारे मंद चालते अशा वेळची. ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेपुढे एक जागा सोडून आडवी रेघ व मोठे ‘बी’ लिहावे. रेखाटन कोण करते त्याचे नाव येते. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसले, तर कार्ड हात बांधून बसले आहे आणि सारी चित्रे मुख्य प्रक्रियक काढतो आहे, असा अर्थ. पंखा जोरात फिरण्याचे कारणही मग कळते.

नेहमीची कारणे

अनुभवाने पाहता बहुतेक तक्रारी पुढील पाच कारणांत बसतात.

पहिले, कर्नल बदलला पण ड्रायव्हर मागे राहिला. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर हा त्या त्या कर्नलसाठी घडवावा लागतो. एकासाठी घडवलेला दुसऱ्याला चालत नाही. वितरणाच्या भांडारातून ड्रायव्हर घेतला, तर नव्या कर्नलबरोबर त्याची जुळणी करण्याची व्यवस्था त्यात असते. ‘डीकेएमएस’ नावाची आज्ञावली हे काम अनेक ठिकाणी करते. संकेतस्थळावरून हाताने उतरवून बसवलेल्याला अशी व्यवस्था असेलच असे नाही.

दुसरे, सिक्युअर बूट. ही यंत्रातील पहारेकऱ्याची व्यवस्था आहे. ओळखीची सही असल्याखेरीज कर्नलात कोणालाही शिरू द्यायचे नाही, हा तिचा नियम. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना उबुंटू किंवा मिंट एक संकेतशब्द विचारते, आणि पुढच्या खेपेस यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर ‘एन्‍रोल एमओके’ निवडून तोच संकेतशब्द द्यायचा असतो. नवशिका निळा पडदा पाहून बिचकतो आणि ‘कन्टिन्यू’ दाबून पुढे जातो. सही नोंदली जात नाही, आणि ड्रायव्हर दाराबाहेर राहतो. रोजनिशीत किंवा ड्रायव्हर हाताने चढवताना ‘की वॉज रिजेक्टेड’ असे शब्द दिसले, तर कारण हेच. उपाय : ड्रायव्हर पुन्हा बसवून निळ्या पडद्यावर या वेळी नोंदणी पूर्ण करणे.

तिसरे, फर्मवेअरची फाईल नसणे. रोजनिशीत फर्मवेअर चढवता आले नाही असे म्हणून शेवटी ‘एरर वजा २’ असा आकडा असेल, तर ‘फाईल सापडली नाही’ असा त्याचा अर्थ. डेबियनमध्ये २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फायलींसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग केला आहे. त्यातून आपल्या कार्डाचा संच घेतला की काम होते.

चौथे, कार्डाचे वय. एन्व्हिडिया ठरावीक काळाने जुन्या पिढ्यांना नव्या ड्रायव्हरमधून वगळते. २०१० च्या सुमाराच्या ‘फर्मी’ पिढीला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, २०१२ पासूनच्या ‘केप्लर’ पिढीला ४७० चा. आणि या दोन्ही मालिकांची देखभाल आता थांबली आहे. ‘मॅक्सवेल’ व ‘पास्कल’ या पुढच्या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका. सर्वांत नवा तो सर्वांत चांगला, हा समज येथे फसतो. जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर बसवला तर तो कार्ड ओळखतच नाही. फार जुने कार्ड असेल तर ‘नूव्हो’वर समाधान मानणे श्रेयस्कर, लेखन, वाचन, प्रोग्रामिंग यांना त्यात काही कमी पडत नाही.

पाचवे, एका घरात दोन कारभारी. अनेक लॅपटॉपांत इंटेल किंवा एएमडीचे अंगचे कार्ड आणि एन्व्हिडियाचे वेगळे कार्ड अशी जोडी असते. वीज वाचावी म्हणून नेहमीचे काम पहिले करते, भारी काम दुसरे. कोणते काम कोणाकडे, हे नीट ठरलेले नसेल तर कधी मंदपणा येतो, तर कधी बाहेर जोडलेला पडदा दिसत नाही. दुसरा प्रकार म्हणजे एकाच कार्डासाठी दोन मार्गांनी दोन ड्रायव्हर बसवणे, अर्धा संकेतस्थळावरून, अर्धा भांडारातून. या खिचडीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे दोन्ही काढून टाकणे आणि एकच नव्याने बसवणे.

त्या संगणकाचे पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी भावाने स्कूटरवरून यंत्राचा डबा आणून दिला. पडदा जोडून सुरू केले. बोधचिन्ह दिसले. ‘ग्रब’ची यादी दिसली. म्हणजे कार्ड जळाल्याच्या निदानावर संशय घेण्यास जागा होती. यादीतून आधीचा कर्नल निवडला, आणि मिनिटाभरात तिचा नेहमीचा पडदा समोर उभा राहिला! जळालेले कार्ड जुन्या कर्नलवर बरे होत नसते. तेव्हा कार्डाचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

प्रकल्पाची फाईल आधी पेनड्राइव्हवर घेतली. मग कारण शोधले. संकेतस्थळावरून बसवलेला ड्रायव्हर फक्त जुन्या कर्नलसाठी घडलेला होता. शिवाय तो बसवताना ‘एक्स’च्या व्यवस्था-फाईलीत ‘एन्व्हिडियाचाच ड्रायव्हर वापर’ अशी आज्ञा लिहिली गेली होती. नव्या कर्नलखाली तो ड्रायव्हर चढेना, आणि ‘एक्स’ला दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक नाही, म्हणून काळोख. त्या ड्रायव्हरच्या सोबत आलेल्या आज्ञेनेच तो काढला, व्यवस्था-फाईल बाजूला नेऊन ठेवली, आणि मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून शिफारस केलेला ड्रायव्हर घेतला. नव्या कर्नलने यंत्र सुरू केले. सर्व ठीक. खर्च काही नाही, वेळ सुमारे तासभर.

यातले एकही पाऊल मी तिच्यासाठी टाकले नाही. मी शेजारी बसून प्रश्न विचारले. कळा तिने दाबल्या. प्रत्येक पावलाआधी ‘आता काय दिसेल असे वाटते?’ हे तिला सांगावे लागत होते. दोनदा तिचा अंदाज चुकला, आणि त्या दोन चुकांतून ती अधिक शिकली असे मला वाटते.

काही सवयी

शेवटी चार सवयी सुचवाव्याशा वाटतात. एक, वही ठेवावी. यंत्रात कोणता बदल कधी केला हे तारखेसह लिहावे. आठवडाभराने आपले आपल्यालाच आठवत नाही. दोन, एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले आणि यंत्र सुधारले, तर कोणत्या बदलाने ते कळत नाही. बिघडले तर त्याहून पंचाईत. प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राचा प्रयोग करताना आपण एकच राशी बदलतो, तोच न्याय येथे आहे. तीन, ‘सुडो’ या शब्दाने सुरू होणारी कोणतीही आज्ञा अर्थ समजल्याशिवाय देऊ नये. तो शब्द म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या. कोणी सांगितले म्हणून अनोळखी माणसाला आपण किल्ल्या देत नाही. चार, मदत मागताना नुसते ‘चालत नाही’ असे म्हणू नये. कार्ड कोणते, वितरण व कर्नल कोणता, शेवटचा बदल काय केला, पडदा कोणत्या क्षणी काळा झाला, हे सांगावे. एवढे नीट लिहून काढताना उत्तर आपले आपल्यालाच सापडते, असाही अनुभव येतो.

एका गोष्टीचा उल्लेख करून थांबतो. विंडोज ११ ला न चालणारी पुष्कळ यंत्रे आता आपल्या गावांत अडगळीत जाण्याच्या बेतात आहेत. त्यांतील कितीतरी अजून काही वर्षे सहज काम देतील. नवा लॅपटॉप घेणे प्रत्येक घराला परवडत नाही, हे आपण सर्व जाणतो. अशा एखाद्या घरात काळा पडदा आला आणि दुकानाकडून ‘कार्ड गेले’ असा निकाल मिळाला, तर तो मान्य करण्यापूर्वी ‘ग्रब’ची यादी दिसते का, एवढे तरी बघून घ्यावे. ती विद्यार्थिनी आता आपल्या वर्गातल्या इतरांना हेच सांगत असते. सोमवारी प्रकल्प वेळेवर आला, हे वेगळे लिहायला नकोच.